जुन्या जीपगाडीच्या ब्रेकनळ्या

गतवर्षीं कांद्याचीं पोतीं भरलेली आमची जुनी जीप उतारावर असतां ब्रेकचें पेडल एकाएकीं तळास गेलें. हातब्रेकामुळें प्राण वांचले. ब्रेकची नळी गंजून फुटली होती.

पायाचा दाब तेलाच्या द्वारें चाकांपर्यंत ह्या नळ्याच पोंचवितात. पुष्कळ जुन्या गाड्यांत चारी चाकांस तेलाची वाट एकच असल्यानें एक नळी फुटली कीं सर्व ब्रेक जातात.

चासीस नळी जेथें चिमट्यानें जखडलेली असते, तेथें चिखल व खताची ओल सांचून गंज प्रथम धरतो. ती जागा तारेच्या ब्रशानें घासून पाहावी. वरवरचा तांबूसपणा निघून गेल्यास चिंता नाहीं. परंतु खड्डे, पापुद्रे अथवा तेलाची ओल आढळल्यास नळी बदलावीच. रबर गुंडाळून वेळ मारून नेऊं नये. साधी तांब्याची नळीही घालूं नये. ती कंपानें तडकते. ब्रेकसाठींच केलेली पोलादी नळी, दोन्ही टोकें दुहेरी मुडपून, मिस्त्रीकडून बसवून घ्यावी. नवें तेल भरून सर्व चाकांची हवा काढवावी. पेडल घट्ट लागल्यावांचून गाडी रस्त्यावर आणूं नये.

बदलणें मिस्त्रीचें काम खरें. पण दर पावसाळ्यानंतर गाडीखालीं वांकून पाहणें मालकाचेंच होय.