लाखाचा शॉकअप आणि राजमाचीची वाट
मातीतली मोटारसायकल : लेखांक 9

टायर आणि ब्रेक झाले. आता वळतो त्या विषयाकडे, ज्यावरून रविवारी सकाळी लोणावळ्यातल्या चहाच्या टपरीवर हमखास वाद पेटतो. दीड लाखाच्या आसपासची गाडी घ्यायची आणि तिच्यावर आणखी लाखभर रुपयांचे फोर्क आणि शॉकअप चढवायचे, याला हौस म्हणायचं की शहाणपण?

माझं मत आधीच सांगून टाकतो. मावळात गाडी चालवणाऱ्या बहुतेकांनी हा खर्च करू नये, निदान पहिल्या वर्षी तरी नक्कीच नाही. मात्र थोड्या लोकांसाठी तो पैसा वसूल आहे आणि त्यांनी तो कुरकुर न करता मोजावा. आपण कोणत्या गटात बसतो ते घरच्या घरी तपासता येतं. टेपमाप आणि दोन रुपयांचा केबल टाय, एवढंच साहित्य पुरतं.

आधी जमीन बघू. तुंगार्लीच्या बाजूने निघून उधेवाडीपर्यंत जाणारी राजमाचीची वाट साधारण पंधरा-सोळा किलोमीटरची आहे. कुठे कातळाच्या पायऱ्या, कुठे सुटे गोटे, कुठे लाल मातीत पडलेल्या जीपच्या खोल चाकोऱ्या. पावसाळ्यात मध्ये ओढे. इथे बरा चालवणारा माणूसही सरासरी ताशी पंधरा-वीस किलोमीटरच्या पुढे जात नाही.  आता दुसरं टोक घ्या. 28 जानेवारी 2024 रोजी बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. स्टेडियममध्ये माती ओतून उंचवटे उभे केले होते आणि 250 व 450 सीसीच्या गाड्या त्यांवरून अक्षरशः उडत होत्या. लोणावळ्यापासून हे मैदान पन्नासेक किलोमीटरवर. पण महागडं मोटोक्रॉस सस्पेन्शन जन्माला येतं ते बालेवाडीसारख्या मैदानासाठी, राजमाचीच्या वाटेसाठी नाही.

फरक किती, ते थोड्या गणिताने कळेल. गाडी दोन मीटर उंचीवरून सपाट जमिनीवर आदळली, तर सस्पेन्शनला तो सगळा जोर आपल्या दबण्याच्या अंतरात, म्हणजे ट्रॅव्हलमध्ये, जिरवावा लागतो. मोटोक्रॉसच्या गाडीला हे अंतर सुमारे 300 मिलिमीटर असतं. दोन भागिले 0.3, अधिक एक. म्हणजे गाडी आणि स्वार यांच्या वजनाच्या सरासरी पावणेआठ पट बल. तीच उडी 170 मिलिमीटर ट्रॅव्हलच्या गाडीने मारली, तर जवळजवळ तेरा पट. प्रत्यक्षात उतारावर उतरल्याने हे आकडे बरेच खाली येतात, तरी प्रमाण साधारण तेच राहतं. जो उडी मारतो त्याला लांब ट्रॅव्हल आणि भक्कम डॅम्पिंग लागतंच. जो वितीएवढ्या उंचीच्या दगडावर पहिल्या गिअरमध्ये चढतो, त्याची गरज वेगळी. त्याला चाकाने खडक चाटत राहावं असं मऊ, सावकाश काम करणारं सस्पेन्शन हवं. रेसचे फोर्क या वेगात पुरेसे दबतच नाहीत, आणि पुढचं चाक प्रत्येक गोट्यावरून उसळून बाजूला फेकलं जातं.

सस्पेन्शनमधल्या मोठ्या सुधारणा मोटोक्रॉसमधूनच आल्या, हे मान्यच. मागच्या दोन शॉकच्या जागी एकच शॉक बसवायची कल्पना बेल्जियमच्या लुसिएन टिल्केन्स यांची. ती यामाहाने घेतली आणि 1973 मध्ये होकान अँडरसनने तिच्यावर 250 सीसीचं जागतिक विजेतेपद जिंकलं. स्वीडनच्या केंट ओलिन्सने 1976 मध्ये कंपनी काढली, तो स्वतः मोटोक्रॉस चालवणारा. दोनच वर्षांत त्याच्या शॉकवर रशियाच्या गेनादी मोइसेयेवने जागतिक विजेतेपद मिळवलं. सोनेरी शॉकचा दबदबा तेव्हापासूनचा आहे. प्रश्न एवढाच, की त्या दबदब्यातला किती भाग आपल्या वाटेवर उपयोगी पडतो.

त्यासाठी फोर्कच्या पोटात डोकवायला हवं. आपल्याकडच्या बहुतेक साध्या फोर्कमध्ये डॅम्पिंगचं काम एका पोकळ दांड्याला पाडलेली ठरावीक मापाची भोकं करतात. फोर्क दबला की तेल त्या भोकांतून जातं. भोक वाढत नाही, घटत नाही. त्यामुळे दबण्याचा वेग दुप्पट झाला की अडथळा चौपट होतो. ब्रेक लावल्यावर गाडी हळूहळू पुढे झुकते, तेव्हा तेल बिनविरोध वाहतं आणि नाक खाली जातं. तेच चाक वेगात धारदार दगडावर आदळलं, की तेलाला जायला वाट पुरत नाही आणि फोर्क क्षणभर लोखंडी कांबीसारखा ताठ होतो. तो दणका थेट मनगटात येतो. यावर गॅरेजमधला नेहमीचा तोडगा म्हणजे जाड तेल घालणं. त्याने नाक झुकणं कमी होतं आणि दगडाचा दणका वाढतो. राजमाचीसाठी हा उपाय उलटाच म्हणायचा.

महाग फोर्कमध्ये कार्ट्रिज असतं. पिस्टनवर पातळ पोलादी चकत्यांची चळत रचलेली असते. धक्का जोराचा आला की चकत्या वाकतात आणि तेलाला वाट मोठी करून देतात. सावकाश दाब आला तर मिटून राहतात. नाक आवरायचं आणि दगड गिळायचा, ही दोन्ही कामं एकाच वेळी जमतात ती यामुळे. आपण पैसे मोजतो ते या चकत्यांसाठी, त्यांच्या रचनेच्या ज्ञानासाठी आणि काही प्रमाणात घर्षण कमी करणाऱ्या लेपांसाठी. चकत्यांचं काम मला सोळा आणे पटतं. लेपाचा फायदा घाटमाथ्यावरच्या चिखलात किती टिकतो, याबद्दल मी तितकासा उत्साही नाही.

आता टेपमाप काढा. मागच्या चाकाचा आस आणि त्याच्या बरोबर वर शेपटाकडचा एखादा पक्का बिंदू, यांतलं अंतर तीनदा मोजायचं. पहिल्यांदा चाक अधांतरी ठेवून, दुसऱ्यांदा गाडी स्वतःच्या वजनावर उभी करून, तिसऱ्यांदा पूर्ण जामानिम्यासह, हेल्मेट-बूट घालून पायपेगवर उभे राहून. तिसऱ्या वेळी एकाने हँडल धरायचं, दुसऱ्याने मोजायचं. पहिल्या आणि तिसऱ्या मापातला फरक म्हणजे सॅग. तो एकूण ट्रॅव्हलच्या साधारण 30 टक्के असावा. हिरोच्या एक्सपल्स 200 4व्हीचा मागचा ट्रॅव्हल 170 मिलिमीटर आहे, म्हणजे पन्नासच्या आसपास. सत्तर भरला तर प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवा. पूर्ण वाढवूनही सॅग पुरेसा उतरला नाही, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला हलकी पडते आहे. तीस भरला आणि प्रीलोड आधीच सगळा सैल असेल, तर स्प्रिंग कडक. परदेशी मोटोक्रॉस गाड्यांच्या स्प्रिंगा साधारण 75-80 किलोचा स्वार गृहीत धरून दिलेल्या असतात. आपला साठ किलोचा पोरगा त्यांवर बसला की गाडी दबतच नाही, आणि तो दोष देतो ब्रँडला. योग्य वजनाच्या स्प्रिंगा काही हजारांत मिळतात. चुकीच्या स्प्रिंगवर लाखाचं डॅम्पिंग बसवलं तर लाखच पाण्यात.

मग केबल टाय. फोर्कवरचं रबरी बूट खाली सरकवा, चकचकीत नळीवर टाय घट्ट पण सरकेल असा बांधा, खाली सीलपर्यंत ढकलून ठेवा आणि नेहमीची वाट करून या. परतल्यावर टाय कुठवर चढला ते बघा. राजमाचीच्या वाटेवर वळवंडच्या पुढचे दगड पार करूनही चाळीस-पन्नास मिलिमीटर ट्रॅव्हल कोरा राहत असेल आणि हात मात्र भरून येत असतील, तर ट्रॅव्हल कमी नाही. तेल वाट मागतं आहे. अशा वेळी आधी जुनं तेल काढून कंपनीने सांगितलेल्या जाडीचं नवं भरा. निम्म्या लोकांची तक्रार इथेच संपते, कारण फोर्कचं तेल बदलतात हेच अनेकांच्या गावी नसतं. सॅग बरोबर असूनही टाय दर फेरीत टोकाला जाऊन भिडत असेल, तर मात्र तुम्ही गाडीच्या मूळ सस्पेन्शनच्या पुढे गेलात. तुमच्यासाठी खर्चाचा विषय खरोखर सुरू होतो.

तिथेही आधी कंपनीच्याच दारात विचारा. हिरोने 2022 मध्ये एक्सपल्स 200 4व्हीसाठी रॅली किट 46,000 रुपयांना आणलं. त्यात ॲडजस्ट होणारे लांब फोर्क आणि शॉक होते, शिवाय टायर, सीट, हँडल रायझर. पुढच्याच वर्षी प्रो आवृत्तीत ते कारखान्यातूनच बसून आलं : पुढे 250, मागे 220 मिलिमीटर ट्रॅव्हल. सीटची उंची मात्र 891 मिलिमीटर. मावळातल्या तिरक्या, निसरड्या उतारावर पाय टेकवायची वेळ वारंवार येते, आणि साडेपाच फुटी माणसाला ही उंची फार महागात पडते. आपल्या चाकणला तयार होणाऱ्या केटीएम 390 एन्ड्युरो आरची गोष्ट मात्र उलटी. 2025 मध्ये ती भारतात आली तेव्हा पुढे 200 आणि मागे 205 मिलिमीटर देऊन आली, परदेशात 230. पुष्कळ जण हळहळले. राजमाचीला जाणाऱ्याने हळहळू नये, असं मला वाटतं.

खरेदीच्या चर्चेत सर्व्हिसिंगचं नाव क्वचित निघतं. मोटोक्रॉसच्या मॅन्युअलमध्ये सस्पेन्शनचं आयुष्य किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, तासांत मोजतात. तीस-चाळीस तास चालवलं की फोर्क उघडायचा. शॉकच्या डब्यात सुमारे 10 बार दाबाने नायट्रोजन भरलेला असतो. हायवेवरच्या टायरवाल्याकडचा नायट्रोजन इथे कामाचा नाही, कारण तो टायरपुरत्या दाबाचा. तेव्हा शॉक खोलून पुन्हा भरणारा माणूस शोधावा लागतो. नाहीतर खोक्यात घालून दुसऱ्या शहरात पाठवा. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. भातखाचराच्या कडेचा तो बारीक, चिकट गाळ सीलच्या ओठात बसतो, वाळतो आणि पॉलिश पेपरचं काम करतो. त्यावर वॉशिंग सेंटरवाला प्रेशरचा फवारा थेट सीलवर मारतो, म्हणजे उरलासुरला गाळही आत. साध्या फोर्कचं सील दुकानात हातोहात मिळतं. परदेशी फोर्कचं सील येईपर्यंत सीझन संपतो.

मग हा पैसा कोणाचा वसूल होतो? जो रेसमध्ये उतरतो, ट्रॅकवर उड्या मारतो आणि घड्याळाकडे बघून चालवतो, त्याचा. त्यातही केएक्स 250 सारखी खरी मोटोक्रॉस गाडी असेल, तर तिचे मूळचेच फोर्क इतके चांगले असतात की नवा संच घेण्याऐवजी जाणत्याकडून चकत्यांची रचना आपल्या वजनाला आणि वेगाला बदलून घेणं स्वस्त आणि बहुधा जास्त गुणकारी ठरतं. फॅक्टरी रायडरांच्या धाटणीचे संच परदेशातच काही हजार डॉलरना जातात. वर आयात शुल्क. ते घेणाऱ्याला हा लेख वाचायची गरज नाही.

सेकंडहँड घेत असाल तर आतल्या नळीवरून नख फिरवा. नख अडलं तर तो ओरखडा प्रत्येक नवं सील फाडणार, मग फोर्क कितीही नामांकित असो. शॉकचा दांडा पूर्ण दाबून सोडा; तो एका दमात, ‘टक’ न करता वर यायला हवा. मधेच सैल पडला तर आतला गॅस गेलेला आहे, आणि विकणाऱ्याला तो भरून द्यायला सांगा. बहुतेक सौदे तिथेच मोडतात.