प्रौढांचा मातीचा वर्ग

चेन्नईच्या उत्तरेस एन्नोर येथे कोसस्थलैयार नदी खाडीवाटे समुद्रास मिळते. बंदर, वाहनांचा कारखाना आणि वीजकेंद्रे यांच्या या परिसरात नोकरीनिमित्त आलेल्या एखाद्यास कुंभारकामाची आवड निर्माण झाली, तर खाडीकाठचा काळा चिखल पाहून त्यास प्रथम वाटावे, की माती तर दारातच आहे. परंतु खाडीच्या चिखलात मीठ आणि शिंपल्यांचे तुकडे असतात. भट्टीत शिंपल्याचा कळीचा चुना होतो. पुढे हवेतील ओलावा शोषून तो फुगतो आणि धडधाकट दिसणाऱ्या भांड्याचा टवका अचानक उडतो. म्हणून चेन्नईत काय किंवा पुण्या-मुंबईत काय, प्रौढांसाठी चालणाऱ्या वर्गांत निवडलेली आणि गाळलेली माती तयार दिली जाते.

चेन्नईतील कोसपेट ही कुंभारांची जुनी वस्ती. गणेशमूर्ती आणि नवरात्रातील कोलूच्या बाहुल्या यांसाठी ती प्रसिद्ध आहे. अशा वस्तीतील मूल हे काम घरात पाहत पाहत शिकते. प्रौढ विद्यार्थ्याच्या वाट्यास आठवड्यातून दोन-तीन तास येतात आणि त्याला घाई असते ती चाकावर बसण्याची. बहुतेक शिक्षक मात्र त्यास आधी हातकामास बसवितात. अंगठ्याच्या चिमटीने दाबून केलेली वाटी, कडबोळ्यासारख्या वळ्या एकावर एक रचून केलेले भांडे आणि पोळीसारख्या लाटलेल्या मातीच्या पट्ट्या जोडून केलेली पेटी, असा हा क्रम असतो. जोड देताना दोन्ही कडांवर ओरखडे काढून मातीची पातळ राड लावावी लागते. ओला कान वाळलेल्या पेल्यास लावला, तर तो आकसताना हमखास तडकतो.

हातकाम म्हणजे चाकाआधीची बालवाडी, हा समज मात्र योग्य नव्हे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची चाकावरची सुबक, रंगविलेली जोर्वे भांडी मिळाली. त्याच घरांच्या जमिनीखाली हाताने घडविलेले जाड, राखाडी कुंभही मिळाले. दोन कुंभ तोंडास तोंड लावून आडवे ठेवलेले आणि त्यांत लहान मुलांचे अवशेष! चाक ठाऊक असलेल्या माणसांनीही या कामी हाताने घडविलेलाच कुंभ वापरला. आपला नेहमीचा पाण्याचा माठही निव्वळ चाकाचा नसतो. चाकावर त्याचा जाड आकार निघतो. मग आत दगडी गोटा धरून बाहेरून थापटण्याने ठोकत त्याचे पोट वाढविले जाते. तेरच्या संत गोरोबांनी संतमंडळींची डोकी ज्याने पारखली, असे सांगतात, तेच हे थापटणे.

चाकावर पहिली कसोटी मध्य साधण्याची. फिरत्या चाकावरील गोळा किंचित जरी एका बाजूस असला, तरी पुढे भिंत एकीकडे जाड व दुसरीकडे पातळ होते आणि भांडे कोसळते. येथे बलदंड मनुष्यही फसतो, कारण तो मनगटाने जोर लावतो. कोपर मांडीवर किंवा कमरेशी टेकवून हात स्थिर ठेवला, की गोळा आपोआप हातानुसार वळतो. पाणीही बेताचे हवे. जास्त झाले, तर माती ढिली पडते. कोसळलेली माती वाया मात्र जात नाही. न भाजलेले भांडे वाळल्यानंतरही भिजवून पुन्हा मळता येते. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर नोंद उलटविण्याची मुभा भट्टीच्या दारापर्यंतच असते.

या वर्गांनी एक जुनी रेघही पुसली. परंपरेत माती मळणे, रंगकाम ही कामे स्त्रिया करीत. चाकावर मात्र देशाच्या बहुतेक भागांत पुरुषच बसत. १९७१ मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी पुद्दुचेरीस गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. तेथे शिकलेल्यांत अनेक स्त्रिया होत्या. आज शहरांतील वर्गांत गृहिणी, नोकरदार व निवृत्त स्त्रिया निःसंकोच चाक चालविताना दिसतात.

भट्टीत भांडे फुटले, की दोष आत राहिलेल्या हवेस दिला जातो. खरा दोषी बहुधा ओलावा असतो. जाड भाग आतून ओला राहिला, तर त्या पाण्याची वाफ होऊन भांड्याच्या ठिकऱ्या होतात. म्हणून वाळवणे सावकाश, सावलीत, आणि सुरुवातीची आचही मंद. पुढे ५७३ अंश सेल्सियसला मातीतील गारेचे कण एकाएकी प्रसरण पावतात. तेथेही घाई चालत नाही. साधी लाल भांडी सुमारे १००० अंशांवर, तर दगडी भांडी १२०० अंशांच्या पुढे भाजली जातात.

एवढ्यातून वाचलेली वाटी पाहून नवशिक्यास ती आपलीच का, अशी शंका येते. ओली असताना १० सेंटीमीटर रुंद असलेली वाटी आकसून साधारण ९ सेंटीमीटरची झालेली असते. यास्तव माती ओली असतानाच तळाशी आपली खूण करून ठेवावी.