तारेवरचा वेडा राघू

टेकडीवर नव्याने कॅमेरा घेऊन फिरणाऱ्यांनो, सुरुवात वेड्या राघूपासून करा. जेमतेम चिमणीएवढा, हिरवागार, डोळ्यातून गेलेली काळी रेघ आणि शेपटीतून बाहेर आलेली दोन बारीक पिसं. पुण्यात वेताळ टेकडी किंवा पाषाण तलाव, आणि खरं तर गावाबाहेरची कुठलीही विजेची तार!

हा झेपावून हवेतच किडा टिपतो आणि बहुतेक वेळा त्याच जागी परतून बसतो. म्हणून मागे धावू नका. ऊन पाठीशी घ्या, रिकाम्या झालेल्या फांदीवर फोकस धरून थांबा. शटर १/२००० च्या आसपास ठेवा. मधमाशी मिळाली असेल तर तो ती फांदीवर आपटतो, घासतो, नांगी निकामी करतो आणि मगच गिळतो. हे दिसलं तर फोटो हलला तरी मला चालतो.

उन्हाळ्यात मात्र जपून. मातीच्या दरडीत आडवं बीळ खणून हे अंडी घालतात. मिलिंद वाटवे आणि सहकाऱ्यांचा २००२ चा अभ्यास भन्नाट आहे: जवळच्या माणसाला घरटं दिसत असेल तर वेडा राघू आत जायला कचरतो, तोच माणूस घरटं दिसणार नाही अशा जागी असेल तर एवढा कचरत नाही. म्हणजे आपल्याला काय दिसतंय, याचा त्याला अंदाज असतो! चोचीत किडा धरून राघू तारेवरच ताटकळला असेल, तर गुपचूप मागे सरका. पिल्लं आत उपाशी असतात.