गाभण गाईच्या अंडाशयात रद्द होणारी तोडफोड

आज आपण गाईच्या अंडाशयात डोकावणार आहोत. मी काही जनावरांचा डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. पण हा विषय वाचताना मला सारखं सर्व्हरवर आधीच वेळ लावून ठेवलेलं डिलीट आठवत होतं. का, ते बघा.

गाय साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते. माज ओसरल्यावर काही तासांनी अंडाशयातलं दीडेक सेंटीमीटरचं पुटक फुटतं आणि बीज बाहेर पडतं. मागे उरलेल्या जागेत काही दिवसांत पिवळसर गाठ बांधली जाते. तिला म्हणतात पीतपिंड, म्हणजेच कॉर्पस ल्युटियम. ही गाठ प्रोजेस्टेरॉन बनवते, आणि त्याच्याशिवाय गर्भ टिकत नाही.

आता गाठ बांधायची कशी? पेशींभोवती कोलॅजेनसारख्या प्रथिनांची जाळी असते. ती आधी कापली, तरच नव्या रक्तवाहिन्या आत शिरणार. हे काम एमएमपी नावाची एन्झाइम्स करतात. पूर्ण नाव मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज. 'मेटॅलो' यासाठी, की त्यांना जस्त लागतं. यातलं पहिलं एन्झाइम १९६२ मध्ये बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत सापडलं. पिल्लू मोठं होताना शेपटी जिरते ना, ती जिरवणाऱ्यांपैकी हे एक!

या कात्र्या मोकाट सुटल्या तर सगळंच कापतील. म्हणून बहुतेक एमएमपी तयार होतात तेव्हा बंद असतात. एक तुकडा निघाला की चालू होतात. शिवाय त्यांना धरून ठेवायला टिम्प नावाची प्रथिनं असतात. किती कापायचं आणि किती राखायचं, हे या दोघांच्या तोलावर ठरतं.

गंमत पुढे आहे. गर्भ नसेल तर सोळा-सतराव्या दिवसाच्या आसपास गर्भाशयातून प्रोस्टाग्लँडिन सुटू लागतं. गाठीचा रक्तपुरवठा आटतो, प्रोजेस्टेरॉन घसरतं, पेशी मरतात आणि त्याच कात्र्या सांगाडा मोडतात. उरतो छोटा पांढरा व्रण. गाय पुन्हा माजावर येते.

म्हणजे डिफॉल्ट सेटिंग 'पाडा' हेच आहे! गाभण राहायचं तर गर्भाला हे वेळेत रद्द करावं लागतं. तेव्हा तो गर्भाशयाला नीट चिकटलेलाही नसतो. लांब दोऱ्यासारखा होत तो इंटरफेरॉन टाऊ सोडतो. त्यामुळे प्रोस्टाग्लँडिनचे झटके थांबतात आणि गाठ वाचते. गर्भ अशक्त असेल, संदेश कमी पडला, तर गाठ मोडते. मग गोठ्यात म्हणतात, 'गाय उलटली.'

गाय गाभण असते साधारण २८० दिवस, आणि गाठ जवळजवळ शेवटपर्यंत राहते. कात्र्या या काळातही असतातच, पण तोल राखण्याच्या बाजूला असतो. विण्याच्या एक-दोन दिवस आधी ती मोडायला लागते.

आता कामाची गोष्ट. गाय माजावर यावी म्हणून जे प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन देतात, ते हीच तोडफोड मुद्दाम सुरू करतं. ते गाभण गाईला गेलं, विशेषतः पहिल्या पाच महिन्यांत, तर गाठ मोडते आणि गाय गाभडते. मेहनत गेली, वासरू गेलं, दुधाचं पुढचं वेत लांबलं. म्हणून आधी गाभण तपासणी, मग इंजेक्शन, आणि तेही डॉक्टरांकडूनच.

अजून एक. हे औषध कातडीतून अंगात शिरतं. गरोदर बायकांनी आणि दम्याच्या रुग्णांनी ती बाटली हाताळू नये. तुमच्या घरी गोठा असेल तर हे आजच घरच्यांना सांगा.

भेटू पुढच्या भागात!