सरासरी माणूस आणि उपाशी माणूस

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. महाराष्ट्रातील प्रमाणही जवळजवळ तेवढेच होते. असा आकडा प्रसिद्ध झाला की एक पक्ष शासनाला दोषी ठरवितो आणि दुसरा आकड्यालाच. पण मूल खुंटलेले आहे की नाही हे ठरविणारी रेषा कोठे आखली आणि तेथेच का आखली, हे सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः साऱ्या प्रश्नाचे मर्म त्या रेषेतच आहे. अशाच एका रेषेवरून अर्ध्या शतकापूर्वी महाराष्ट्रातील दोन विद्वानांत जो वाद झाला, त्याचे स्मरण म्हणूनच आजही उद्बोधक ठरेल.

प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. माणशी दररोज सरासरी २,२५० उष्मांक देणारा आहार ज्या खर्चाच्या पातळीला मिळू शकतो, ती पातळी त्यांनी किमान मानली. १९६०-६१ च्या आकडेवारीनुसार ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक तिच्या खाली होते. या निष्कर्षाने देशातील विचारी वर्ग हादरून गेला.

त्यावर आक्षेप घेतला तो डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले सुखात्मे हे नमुना पाहणीच्या शास्त्रातील जागतिक कीर्तीचे अधिकारी होते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाची धुरा त्यांनी अनेक वर्षे वाहिली. जगातील निदान दोन-तृतीयांश लोक कुपोषण आणि भूक भोगतात, असे १९५० च्या सुमारास लॉर्ड बॉइड ऑर सांगत. पोटभर अन्न न मिळणाऱ्यांचे प्रमाण १० ते १५ टक्क्यांच्या घरात असावे, असे सुखात्म्यांनी १९६१ साली दाखवून दिले होते.

त्यांचा युक्तिवाद वरकरणी बिनतोड होता. एखाद्या कचेरीत शंभर निरोगी कारकून आहेत आणि प्रत्येक जण भुकेप्रमाणे पोटभर जेवतो, असे समजू. त्यांच्या आहाराची सरासरी काढली, तर साधारण पन्नास जण तिच्या खाली येणारच! म्हणून त्यांना उपाशी म्हणायचे काय? माणसामाणसाची गरज निराळी असते. एवढेच नव्हे, तर एकाच माणसाचा आहारही आठवड्या-आठवड्याला बदलतो आणि शरीर त्याच्याशी जुळवून घेते, असे सुखात्मे म्हणत. सबब सरासरीतून प्रमाण विचलनाची दुप्पट वजा करावी आणि त्याखालील माणसालाच अन्नन्यून समजावे, अशी त्यांची सूचना होती. या कसोटीने उपाशी माणसांची संख्या अर्थातच बरीच खाली आली.

दोन चुका, दोन किंमती

दांडेकरांनी १९८१ साली या युक्तिवादाला सविस्तर उत्तर दिले. ज्याची गरज अधिक आहे, तो माणूस खालच्या रेषेच्या वर राहूनही अर्धपोटी असू शकतो, ही सुखात्म्यांच्या कसोटीतील अडचण होती. शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते हे मानले, तरी त्याची किंमत कोण मोजतो, असा प्रश्न आहारशास्त्रज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी विचारला. वाढ खुंटणे ही निसर्गाची काटकसर नसून ती हानीच होय, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या वादाची किल्ली ज्या शास्त्रात होती, ते सुखात्मे लंडनमध्ये नेमन आणि पिअर्सन यांच्या सान्निध्यात शिकले होते. कोणत्याही निर्णयात दोन प्रकारच्या चुका संभवतात, हा या जोडीचा महत्त्वाचा सिद्धान्त. निरपराधाला शिक्षा होणे ही एक चूक. अपराधी सुटणे ही दुसरी. मिळालेली माहिती तेवढीच असेल, तर एक चूक कमी करू जाता दुसरी वाढते. सरासरीची रेषा धरली तर धष्टपुष्ट माणूसही उपाशी ठरतो. तिच्या फार खाली गेले तर उपाशी माणूस यादीतून गळतो. यांपैकी कोणती चूक अधिक महाग, हे गणित सांगत नाही. ते समाजाने ठरवावयाचे असते.

तीच रेषा, निराळा प्रश्न

आज मुलांच्या उंचीसाठी वापरली जाते ती रेषाही दोन प्रमाण विचलनांनी खालचीच आहे. मग दांडेकरांचा आक्षेप तिलाही लागू नाही काय? येथे प्रश्न निराळा आहे. निरोगी समाजातही या रेषेखाली सुमारे २.३ टक्के मुले असणारच. ती केवळ जात्याच ठेंगणी. त्यामुळे प्रत्येक मुलावर शिक्का मारणे हे या रेषेचे काम नव्हे. अपेक्षित २.३ टक्के आणि प्रत्यक्षातील ३५.५ टक्के यांमधील दरी मोजणे हे तिचे काम आहे.

भारतीय मुले मुळातच ठेंगणी असतात, मग परकी फूटपट्टी का, असा आक्षेप अरविंद पानगढिया यांनी २०१३ साली घेतला होता. परंतु जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची मानके ज्या सहा देशांतील सुमारे ८,५०० मुलांवरून बनली, त्यांत भारतही होता. दिल्लीतील सुस्थित घरांतील बालके नॉर्वे वा ओमानमधील बालकांसारखीच वाढत होती. उंचीतील एकंदर फरकांपैकी जेमतेम ३ टक्के फरक देशादेशांतील होता. तेव्हा ही दरी वंशाची नसून बव्हंशी परिस्थितीची आहे, असेच म्हणावे लागते.

अंगणवाडीत किती मुलांसाठी शिधा पाठवावयाचा आणि स्वस्त धान्याच्या यादीत कोणाचे नाव घालावयाचे, हे शेवटी अशा रेषांवरून ठरते. रेषा थोडी वर-खाली सरकली, तर कागदावर लक्षावधी माणसे एका रात्रीत उपाशी किंवा तृप्त होतात. त्यांच्या ताटात मात्र काहीच बदललेले नसते. म्हणून टक्केवारी वाचणाऱ्या सुशिक्षिताने आकडा खरा की खोटा एवढेच विचारून थांबू नये. रेषा चुकली तर कोणाचे नुकसान होईल, हेही विचारावे. धडधाकट माणसाला चुकून दिलेल्या धान्याने सरकारी तिजोरीला तोशीस लागते. भुकेल्या मुलाचे नाव चुकून गळले, तर वाढीची ती वर्षे परत येत नाहीत.