बिटमास्कची रुंदी आणि राऊचे रूळ

इंदूरहून महूकडे जाताना लागणारे आमचे राऊ स्टेशन पिढ्यान्‌पिढ्या मीटरगेजचे होते; १८७० साली दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला दिलेल्या एक कोटी रुपयांच्या कर्जातून जी होळकर स्टेट रेल्वे उभी राहिली तिचे रूळ एक मीटर अंतराचे, आणि म्हणून १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजचा डबा त्यांवर चालेल काय, ही चौकशी गाडी सुटल्यावर करण्याचा प्रसंगच येत नसे. लिनक्सच्या कर्नलमध्ये २०२५ साली, ६.१६ या आवृत्तीत, जेनमास्क_यू८ पासून जेनमास्क_यू६४ पर्यंतचे आणि बिट_यू८ आदी, बिटांचे मास्क बनवणारे निश्चित रुंदीचे मॅक्रो दाखल झाले, त्यांचीही तजवीज याच जातीची आहे: रुंदीची चौकशी कोड चालण्याआधी, त्याच्या बांधणीच्या वेळीच होते.

नावातला ‘यू३२’ हा वाचणाऱ्याच्या सोयीसाठी डकवलेला शिक्का आहे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. जुना जेनमास्क ‘अनसाइन्ड लाँग’ देतो, आणि त्याची रुंदी यंत्रागणिक ३२ किंवा ६४ बिटे होते; त्यामुळे बत्तीस बिटांच्या रजिस्टरसाठी कोणी सर्वांत वरच्या बिटाचा क्रमांक ३१ ऐवजी चुकून ३२ लिहिला, तर चौसष्ट बिटांच्या यंत्रावर कंपायलर ब्र काढत नाही. जेनमास्क_यू३२(३२, ०) लिहून पाहावे: मॅक्रो ३२ मधून १ आणि मग ३२ वजा करतो, उत्तर शून्याखाली जाते, चिन्हरहित गणितामुळे ते अवाढव्य होते, आणि इतक्या घरांनी शिफ्ट करता येत नाही म्हणून कंपायलर कोणत्याही यंत्रावर इशारा देतो. कंसातल्या वरच्या-खालच्या बिटांच्या क्रमांकांची उलटापालट झाली, तर बांधणीच थांबते.

या तपासणीने कर्नल मंदावतो, ही भीती तर सर्वस्वी निराधार होय. तपासणीचे पद शून्य किमतीचे असून मास्कमध्ये नुसते मिळवलेले असते. दीर्घकाळ चालत आलेल्या युक्तीत अट मोडली की उणे एक रुंदीचे बिटफील्ड तयार होई, जे सी भाषेला मंजूर नाही, आणि अट पाळली की यंत्रभाषेत त्याची एकही आज्ञा उमटत नसे.

मात्र या तपासणीवर भलताच भरवसा ठेवणारेही आहेत, आणि मला तेच अधिक धोक्याचे वाटतात. सीमा चल राशींतून आल्या, तर बांधणीच्या वेळी त्यांची किंमत ठाऊक नसल्याने उलटापालटीची तपासणी मुकाट्याने बाजूला होते. आणि माहितीपत्रकात ८ ते ४ असताना ७ ते ३ लिहिले, तर आकार निर्दोष असल्यामुळे मास्क बिनतक्रार मंजूर होतो. त्याहून फसवी गोष्ट बिट_यू८ ची: लहान पूर्णांक हिशेबात शिरताच ‘इंट’ व्हावा, ही सी भाषेची जुनी वहिवाट हा मॅक्रो मोडीत काढत नाही, म्हणून बिट_यू८(०) ची सर्व बिटे उलटवली तर हाती येते ते २५४ नव्हे, उणे २, आणि आठ बिटांच्या चल राशीत खरोखर २५४ असले, तरी या दोहोंची तुलना खोटीच ठरते.