एकाच रविवारी, पृथ्वीभर

वसई तालुक्यातल्या नंदाखाल, निर्मळ, सांडोर किंवा गासला रविवारी सकाळी गेलं, की चर्चच्या वाटेला लागलेली माणसं दिसतात. लाल लुगड्यातल्या आजी, इस्त्रीचा शर्ट घातलेली मुलं, गाण्यांची वही घेऊन स्कूटरवर मागे बसलेली गायकवृंदातली मुलगी. घरी कादोडी किंवा वाडवळी बोलणारी ही मंडळी चर्चमध्ये मराठीत प्रार्थना करतात, मराठीत गातात. तासाभरात मिस्सा, म्हणजे ही सामुदायिक उपासना, आटोपते आणि जो तो घरी जातो. या एका तासाचं वय किती आणि पसारा केवढा, हे समजत गेलं तसा मी थक्क होत गेलो.

आधी वय पाहू. इसवी सन १५५च्या सुमारास रोममध्ये जस्टिन नावाचा एक तत्त्वज्ञ राहत होता. ख्रिस्ती लोकांविषयी तेव्हा भलभलत्या अफवा पसरल्या होत्या. त्या खोडून काढायला त्याने सम्राट अँटोनायनस पायसला उद्देशून एक मोठं निवेदन लिहिलं आणि आम्ही रविवारी काय करतो तेही त्यात क्रमाने सांगून टाकलं. शहरातले नि खेड्यातले लोक एका ठिकाणी जमतात. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख, वेळ असेल तितके वाचले जातात. मग प्रमुख बोध करतो. सगळे उठून प्रार्थना करतात. भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणलं जातं, प्रमुख आभारप्रार्थना म्हणतो, लोक ‘आमेन’ म्हणतात आणि सर्वांना वाटप होतं. जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवक घरी पोचवतात. ऐपत आणि इच्छा असलेले लोक पैसे देतात आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी, परगावाहून आलेले पाहुणे यांची सोय होते.

हे वर्णन हातात घेऊन आज निर्मळच्या मिस्सेला बसावं. वाचनं, प्रवचन, सर्वांसाठी प्रार्थना, अर्पण, आभारप्रार्थना, ख्रिस्तशरीराचा, म्हणजे पवित्र केलेल्या भाकरीचा, स्वीकार: क्रम तोच! ज्या सम्राटासाठी ते लिहिलं त्याचं साम्राज्य इतिहासजमा झालं, जस्टिनचाही पुढे शिरच्छेद झाला. विधी मात्र चालू राहिला. तो फुकट टिकलेला नाही. इसवी सन ३०४मध्ये, आजच्या ट्युनिशियातल्या अबितिना गावचे ४९ जण अशा मेळाव्यांवर बंदी असताना रविवारी एका घरात जमले म्हणून पकडले गेले. कार्थेजला चौकशी झाली तेव्हा त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की या मेळाव्यावाचून आम्हाला राहता येत नाही. त्यासाठी त्यांनी मरण पत्करलं.

आता पसारा. एखाद्या रविवारी सांडोरच्या चर्चमध्ये शुभवर्तमानाचा, म्हणजे बायबलमधल्या येशूचरित्राचा, जो उतारा वाचला जातो, तोच त्या रविवारी नैरोबीत, मनिलात, क्राकोमध्ये, ब्राझीलच्या खेड्यात वाचला जातो. केरळातल्या सिरो-मलबार चर्चसारख्या पौर्वात्य परंपरांची वाचनं वेगळी असतात आणि स्थानिक सणांचे काही अपवादही आहेत. पण लॅटिन विधी पाळणाऱ्या बहुतेक कॅथॉलिक जगाचं पान एकच असतं. ही वाचनमाला १९६९मध्ये आली. तिचं चक्र तीन वर्षांचं. चार शुभवर्तमानांपैकी एक वर्ष मत्तयचं, एक मार्कचं, एक लूकचं. योहान मुख्यतः उपवासकाळात आणि पुनरुत्थानकाळात येतो. कोणाचं वर्ष चालू आहे हे ओळखायला सनाला तीनाने भागावं. बाकी शून्य उरली तर लूक, एक उरली तर मत्तय, दोन उरली तर मार्क. २०२५ साल लूकचं होतं, २०२६ मत्तयचं. उपासनेचं वर्ष नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतं, म्हणून वर्षाच्या अखेरच्या आठवड्यांत पुढच्या सनाचा हिशेब धरायचा.

शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारचीच मानतात. म्हणजे प्रशांत महासागरातल्या किरिबाती बेटांवर शनिवारी सांजावलं की तो उतारा पहिल्यांदा वाचला जातो. मग पृथ्वी फिरते तसा तो फिलिपिन्स, भारत, आफ्रिका, युरोप, अमेरिका असा पश्चिमेला सरकत रविवारी रात्री पुन्हा प्रशांतातच, अमेरिकन सामोआत पोचतो. या दोन दिवसांत तो किती भाषांमधून उच्चारला जात असेल! आणि त्यांत वसईची मराठी असते. जगभरच्या कॅथॉलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेत लोकभाषांना वाट करून दिली. त्याआधी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. पुढे नंदाखालच्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ हा बायबलचा मराठी अनुवाद केला आणि २०२० साली ते अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

पण मला सर्वांत जास्त ओढ वाटते ती मिस्सेनंतर सुरू होणाऱ्या गोष्टींची. जस्टिनने लिहिलेला गैरहजर माणसांचा वाटा आजही घरी जातो. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांकडे धर्मगुरू किंवा नेमलेला प्रापंचिक सेवक लहानशा डबीतून ख्रिस्तशरीर नेतो. ते गव्हाचंच असावं लागतं, मग गाव भात खाणारं का असेना. धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, प्रमुख धर्मगुरूवर चर्चच्या कायद्याने एक बंधन घातलं आहे: दर रविवारी त्याने आपल्या हद्दीतल्या लोकांसाठी एक मिस्सा अर्पण करायची. तिच्यासाठी कोणाकडून दक्षिणा घ्यायची नाही. कोणी सांगो न सांगो, त्या गावाचं नाव वेदीवर निघतंच.

कचेरीच्या कपाटातली बाप्तिस्म्याची नोंदवही तर विलक्षण. तान्ह्या बाळाचं नाव तिच्यात लिहिलं जातं. वीस-पंचवीस वर्षांनी त्या मुलीचं लग्न गोव्यात झालं किंवा ती कॅनडात संसाराला लागली, तरी तिथल्या धर्मगुरूने लग्नाची खबर बाप्तिस्म्याच्या गावी कळवायची आणि इथे त्याच जुन्या नोंदीशेजारी ती टिपून ठेवायची, असा नियम आहे. बाप्तिस्म्यानंतरचा दृढीकरणाचा संस्कार झाला, कोणी धर्मगुरू झाला, तेही तिथेच. माणूस कुठेही जावो, त्याचं पान गावात उघडं राहतं.

जस्टिनने सांगितलेली गरजूंची सोयही थांबलेली नाही. फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू केलेल्या संत विन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद आजही अनेक धर्मग्रामांत गरजू कुटुंबांच्या दारी स्वतः जातात. मदत देण्याआधी बसून विचारपूस करायची, ही त्यांची रीत. वसईत हीच वृत्ती सहकारात उतरली: १९१८ साली मॉन्सिनियर पी. जे. मोनिस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने पतसंस्था उभी राहिली, तीच आजची बसीन कॅथॉलिक सहकारी बँक. माझ्या मते प्रार्थना आणि पतपुरवठा या इथे दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

मिस्सेला कोणीही बसू शकतं. ख्रिस्तशरीर कॅथॉलिकांनी घ्यायचं असतं. इतरांनी तेवढा वेळ आपल्या जागी बसून राहावं, कोणी वावगं मानत नाही. वसईकडे जाणं झालं तर एखादा रविवार त्यासाठी राखून ठेवा आणि निघण्याआधी त्या वर्षाच्या सनाला तीनाने भागून पाहा.